उंची सलून की इस्टेट? गाडी ठरवण्यापूर्वीचा हिशेब

दुकानाचा जम बसतो, मुलगा हाताशी येतो, भाड्याचे गोदाम स्वतःचे होते आणि मग घरात विषय निघतो : आता एक चांगली गाडी घेऊ. चांगली म्हणजे कोणती, याचे उत्तर बहुधा तयार असते. मर्सिडीज-बेंझची सी-क्लास, बीएमडब्ल्यूची ३ सिरीज किंवा आउडीची ए-४. या गाड्या लांबीने फार मोठ्या नाहीत. पण बांधणी, आराम व सुरक्षितता यांत वरच्या दर्जाच्या आहेत. युरोपात या वर्गाला छोट्या आकाराची एक्झिक्युटिव्ह गाडी म्हणतात. मागे वेगळी डिकी असते ती सलून. छत शेवटपर्यंत नेऊन डिकी आणि बैठक एकाच पोकळीत आणली, की ती इस्टेट.

कोणत्याही कंपनीची तारीफ वा निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. व्यापारी माणसाने ही खरेदी कशी तपासावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. या वर्गात अगदीच वाईट अशी गाडी सहसा मिळत नाही. तोटा होतो तो हिशेब न मांडल्यामुळे. शोरूममध्ये लोक किंमत विचारतात, मायलेज विचारतात आणि सही करतात. खरा मोठा खर्च या दोन्ही प्रश्नांच्या बाहेर राहतो. तो कोठे दडलेला असतो, ते पाहू.

हा वर्ग कोणासाठी जन्मला?

१९७५ साली बीएमडब्ल्यूने ३ सिरीज बाजारात आणली. १९८२ मध्ये मर्सिडीजने १९० हे छोटे मॉडेल काढले. १९९३ पासून त्याची जागा सी-क्लासने घेतली. आउडीची ८० ही जुनी गाडी १९९४ मध्ये ए-४ झाली. युरोपात २०२४ पासून ए-४ ची जागा ए-५ या नावाच्या गाडीने घेतली आहे. व्होल्वोची एस-६० व व्ही-६०, अल्फा रोमिओची जुलिया आणि लेक्ससची आयएस हीसुद्धा याच पंगतीतली नावे.

जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये या गाड्यांचा मोठा ग्राहक म्हणजे कंपन्या. कंपनी गाडी भाडेपट्ट्यावर घेते, अधिकाऱ्याला वापरायला देते आणि तीन-चार वर्षांनी परत करते. अधिकाऱ्याने ती खासगी कामाला वापरली, तर त्या सवलतीवर त्याला कर पडतो. जर्मनीत गाडीच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा त्याच्या उत्पन्नात धरण्याची पद्धत आहे. इंग्लंडमध्ये २००२ पासून हा कर गाडीची किंमत आणि तिच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड यांवर ठरतो.

हे सांगण्याचे कारण असे, की पहिल्या तीन-चार वर्षांत किमतीची जी मोठी घसरण होते, ती तिकडे बऱ्याच अंशी भाडेपट्ट्याच्या हिशेबात बसवलेली असते. अधिकाऱ्याच्या खिशाला ती थेट लागत नाही. आपल्याकडचा व्यापारी मात्र तीच गाडी स्वतःच्या भांडवलातून घेतो. घसरण सोसतो तो एकटाच.

आपल्याकडची जुळणी

या गाड्यांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भागीदारी करून भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ पासून पुण्यात ई-क्लासची जुळणी सुरू केली. २००९ मध्ये कंपनीचा चाकणचा कारखाना उभा राहिला. आउडीच्या गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादजवळच्या, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होते. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ कारखाना काढला.

जुळणी म्हणजे सुटे भाग बाहेरून आणून येथे गाडी उभी करणे. तयार गाडी आयात केली, तर आजवर तिच्या किमतीइतके किंवा त्याहून अधिक शुल्क भरावे लागत आले आहे. सुट्या भागांवरचे शुल्क त्यापेक्षा बरेच कमी असते. म्हणून ग्राहकाचा पहिला प्रश्न असा असावा : हे मॉडेल येथे जुळवले जाते की तयार येते? येथे जुळवल्या जाणाऱ्या मॉडेलची किंमत आटोक्यात राहते, सुटे भाग लवकर मिळतात आणि पुढे विकतानाही गिऱ्हाईक भेटते.

कोकणातील आमचे अनेक वाचक विचारतात, की आखातातल्या भावाची किंवा मुलाची गाडी इकडे आणता येईल का? आखातात गाड्यांचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते आणि भारतात उजव्या बाजूच्या स्टिअरिंगचीच गाडी आणता येते. त्यामुळे तो मार्ग बंद आहे. इंग्लंडमधली गाडी उजव्या हाताची असली, तरी तीन वर्षांहून जुनी गाडी आणू देत नाहीत आणि वापरलेल्या गाडीवर शुल्कही जबर पडते. या नादी न लागणे बरे.

कराचा आकडा आणि नावाचा प्रश्न

हिशेबाच्या सोयीसाठी गाडीची शोरूममधील किंमत ६० लाख रुपये धरू. यात जीएसटी आलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी अशा सलूनवर जीएसटी व उपकर मिळून ४५ ते ४८ टक्के आकारणी होत असे. त्या दिवसापासून उपकर गेला आणि सरळ ४० टक्के दर आला. म्हणजे ६० लाखांत सुमारे १७ लाख १४ हजार रुपये जीएसटीचे आहेत.

हा जीएसटी मालावरच्या कराप्रमाणे परत वळता करून घेता येईल, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार, चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरील कराचा परतावा मिळत नाही. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि वाहन चालवण्याचे शिक्षण देणारे यांनाच तेवढी मुभा आहे. कापड, फळे, चामडे किंवा हार्डवेअर यांच्या व्यापाऱ्याला ती नाही.

त्यानंतर येतो महाराष्ट्राचा एकरकमी मोटार वाहन कर. व्यक्तीच्या नावावरील २० लाखांहून अधिक किमतीच्या पेट्रोल गाडीला तो १३ टक्के आहे आणि डिझेल गाडीला १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली, तर २० टक्के. आपल्या उदाहरणात पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावाने ७ लाख ८० हजार, तर कंपनीच्या नावाने १२ लाख रुपये पडतील. फक्त नावामुळे ४ लाख २० हजारांचा फरक!

'गाडी धंद्यात दाखवली की फुकट पडते,' असे सांगणारे सल्लागार गल्लोगल्ली भेटतात. प्रत्यक्षात आयकरात गाडीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. खरेदीच्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्याच्या निम्मा. ६० लाखांवर पहिल्या वर्षी ९ लाख, दुसऱ्या वर्षी ७ लाख ६५ हजार. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या व्यापाऱ्याला पहिल्या वर्षी त्यातून सुमारे २ लाख ७० हजारांचा आयकर वाचेल. घरगुती वापराचा हिस्सा त्यातूनही वजा होऊ शकतो. सवलत आहे, पण 'फुकट' हा शब्द तिला लागू पडत नाही.

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर गाडी मालकाच्याच नावावर येते आणि घसाराही घेता येतो. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे बुकिंग करण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारून ठरवावे. बिल फाटल्यावर विचारून उपयोग होत नाही. खरेदीच्या वेळी विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती होते, म्हणून तिची पावती जपून ठेवावी.

सर्वांत मोठा खर्च : किमतीची घसरण

आता वही उघडू. गाडी ६० लाख, कर ७ लाख ८० हजार, एकूण ६७ लाख ८० हजार. समजा, पाच वर्षांनी ती २५ लाखांना विकली. ४२ लाख ८० हजार रुपये पाच वर्षांत विरघळले. म्हणजे वर्षाला ८ लाख ५६ हजार.

इंधनाचा हिशेब पाहा. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणे, लिटरला १० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर १ लाख ५७ हजार ५०० रुपये. विमा, सर्व्हिस व टायर मिळून २ लाख धरू. सर्व बेरीज वर्षाला १२ लाखांच्या थोडी वर जाते. महिन्याला एक लाखाहून थोडे अधिक आणि किलोमीटरला सुमारे ८१ रुपये. चालकाचा पगार यात धरलेला नाही.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. निष्कर्ष मात्र फारसा बदलत नाही. लिटरला दहाऐवजी आठच किलोमीटर मिळाले, तरी वर्षाचा फरक चाळीस हजारांच्या आत राहतो. उलट, पाच वर्षांनी गाडी २५ ऐवजी २० लाखांना गेली, तर वर्षाला एक लाखाचा फटका बसतो. म्हणून या वर्गात मायलेजपेक्षा 'पाच वर्षांनी ही गाडी कोण आणि कितीला घेईल?' हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे. कमी खपणारे मॉडेल, विचित्र रंग, बंद होण्याच्या बेतातली आवृत्ती यांवर शोरूममध्ये मोठी सूट मिळते. ती सूट बहुधा विकताना परत द्यावी लागते.

आणखी एक खर्च वहीत दिसत नाही. ६८ लाख रुपये गाडीत अडकले, की तेवढे मालातून बाहेर पडतात. ज्याचा माल वर्षातून तीनदा फिरतो, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे तीन वेळची खरेदी-विक्री. रमजान-ईदच्या किंवा दिवाळीच्या हंगामाआधी रोख खरेदीवर मिळणारी सूट अशा वेळी हातून जाते. गाडी दारात उभी असते आणि दुकानात माल उधारीवर येतो. असे होणार असेल, तर गाडीची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, असा ज्यांचा कटाक्ष आहे, आणि आमच्या वाचकांत असे पुष्कळ आहेत, त्यांची सगळी रक्कम एकदम गल्ल्यातून जाते. म्हणून त्यांनी वरचा हिशेब दोनदा मांडावा. 'कमी हप्ता, शेवटी एकच मोठी रक्कम, नाहीतर गाडी परत' अशा योजना शोरूममध्ये दाखवल्या जातात. हप्ता लहान दिसतो, कारण मुद्दलाचा मोठा भाग शेवटी ढकललेला असतो आणि व्याज त्या भागावरही चालूच असते. एकूण किती रुपये भरायचे, हा आकडा लेखी मागावा. गाडी परत घेताना किलोमीटरची मर्यादा आणि ओरखड्यांची वजावट किती, हेही विचारावे.

मागे बसणार की स्वतः चालवणार?

या गाड्यांची बांधणी चालवणाऱ्याला समोर ठेवून झालेली आहे. बीएमडब्ल्यू व मर्सिडीज यांत मुख्यतः मागच्या चाकांना जोर मिळतो, आउडीत साधारणपणे पुढच्या किंवा चारही चाकांना. मागच्या चाकांपर्यंत दांडा नेण्यासाठी मागच्या फरशीत मध्ये उंचवटा येतो. त्यामुळे मधल्या आसनावर मोठ्या माणसाला फार वेळ बसवत नाही. पाच आसने कागदावर असली, तरी लांबच्या प्रवासाला ती चारच समजावीत. घरात सहा-सात माणसे असतील, तर हा वर्गच आपल्यासाठी नाही. उगाच मन वळवू नये.

भारतात मालक बहुधा मागे बसतो, हे ओळखून बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२१ मध्ये ३ सिरीजची लांब आवृत्ती येथे आणली. साध्या आवृत्तीत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,८५१ मिलिमीटर आहे, लांब आवृत्तीत २,९६१. हे ११० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, मागच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळतात. २०२१ च्या पिढीतील सी-क्लासचे हे अंतर २,८६५ मिलिमीटर आहे. छापील आकड्यांवर न थांबता घरातील सर्वांत उंच माणसाला पुढे बसवावे, आसन त्याच्या सोयीने लावावे आणि मग त्याच्या मागे आपण बसून पाहावे. अम्मीला किंवा आजोबांना गुडघेदुखी असेल, तर त्यांनाही बरोबर न्यावे. बैठक जमिनीलगत असल्याने वृद्धांना या गाड्यांत शिरणे-उतरणे जड जाते. सलून सोडून उंच गाडी घेण्याचे पुष्कळ घरांतील खरे कारण हेच असते आणि ते अगदी रास्त आहे.

इस्टेटचे काय?

व्यापाऱ्याच्या उपयोगाची गाडी वास्तविक इस्टेटच. नमुन्यांच्या पेट्या, कापडाचे तागे, यंत्राचे भाग, शिवाय कुटुंब असे सगळे तिच्यात मावते. बीएमडब्ल्यूची पहिली ३ सिरीज इस्टेट १९८७ साली लोकांसमोर आली. तिचा जन्म कारखान्याच्या आराखड्यातून झालेला नव्हता. मॅक्स राइसबॉक नावाच्या कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला कुटुंब व सामान नेण्यासाठी मोठी गाडी हवी होती. त्याने मित्राच्या गॅरेजमध्ये अपघातातील एक सलून कापून-जोडून इस्टेट बनवली. वरिष्ठांनी ती पाहिली आणि उत्पादनाचा निर्णय झाला.

डिकीच्या मापांत मात्र गंमत आहे. सध्याच्या ३ सिरीज सलूनची डिकी ४८० लिटरची, तर इस्टेटची ५०० लिटरची. फरक केवळ वीस लिटरचा! पण मागची आसने पाडली, की इस्टेटची जागा १,५१० लिटरपर्यंत जाते आणि दार मोठे असल्याने उभी पेटी सरळ आत जाते. सलूनच्या डिकीचे तोंड अरुंद असते. म्हणून लिटर मोजण्याऐवजी आपली नमुन्यांची बॅग शोरूममध्ये घेऊन जावी आणि ठेवून पाहावी.

भारतात इस्टेट रुजली नाही. १९९२ ची टाटा इस्टेट, त्यानंतरची ओपेल कोर्सा स्विंग, मारुती बलेनो अल्तुरा आणि स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी या सर्व गाड्या आल्या आणि गेल्या. लोकांना ती सामानाची गाडी वाटली. २०१७ मध्ये व्होल्वोने व्ही-९० क्रॉस कंट्री आणली, पण ती बरीच वरच्या किमतीची होती. खप नाही म्हणून येथे जुळणी नाही, जुळणी नाही म्हणून किंमत अवाच्या सवा, आणि किंमत अशी म्हणून खप नाही. जुनी इस्टेट चांगल्या स्थितीत मिळालीच, तर मागची काच, दार व डिकीचे भाग मिळतात का, याची आधी खात्री करावी. आमच्या मते येथे सलून स्वतःसाठी ठेवावी आणि मालासाठी छोटा टेम्पो वेगळा ठेवावा. तोच मार्ग स्वस्त पडतो.

पेट्रोल, डिझेल की वीज?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग धावावी लागते. भेंडीबाजार ते मशीद बंदर एवढीच फेरी असेल, तर गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. आठवड्याला पुणे, नाशिक किंवा सोलापूरची फेरी असेल तरच डिझेलचा विचार करावा. शहरापुरता वापर असेल, तर पेट्रोल बरे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. वापरलेली गाडी घेताना तिच्या पुस्तिकेत व इंधनाच्या झाकणावर ई-१० लिहिले आहे की ई-२०, हे पाहून घ्यावे.

युरोपात पेट्रोल इंजिनाबरोबर घरी चार्ज होणारी बॅटरी असलेल्या गाड्यांना कंपनीच्या करात सवलत मिळते, म्हणून त्या तिकडे खपतात. आपल्याकडे त्यांना तशी खास सवलत नाही. शिवाय बॅटरी डिकीची जागा खाते. सी-क्लास सलूनची ४५५ लिटरची डिकी अशा आवृत्तीत ३१५ लिटरवर येते. पूर्ण विजेच्या गाडीवर मात्र जीएसटी ५ टक्केच आहे आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात तिला मोटार वाहन करात व काही मोठ्या रस्त्यांवरील पथकरात सूट आहे. स्वतःची पार्किंगची जागा आणि तेथे विजेची जोडणी असेल, तर हा पर्याय जरूर तपासावा. चाळीत राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

तीन वर्षांची जुनी गाडी

घसरणीचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो. समजा, तीच गाडी तीन वर्षांनी ३६ लाखांना मिळाली, आपण ती पाच वर्षे वापरली आणि १५ लाखांना विकली. घसरण वर्षाला ४ लाख २० हजार. जुनी म्हणून दुरुस्तीला वर्षाला एक लाख जादा धरले, तरी नव्या गाडीच्या मानाने वर्षाला सव्वातीन लाखांहून अधिक वाचतात आणि जवळपास ३२ लाख रुपये धंद्यात राहतात. गाडी तीच, आराम तोच. आमचा कौल म्हणूनच बहुतेक वाचकांसाठी याच मार्गाला आहे.

मात्र जुनी गाडी डोळे उघडे ठेवून घ्यावी. पुढील गोष्टी तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये :

१. तिन्ही जर्मन कंपन्या आपल्या विक्रेत्यांमार्फत तपासलेल्या जुन्या गाड्या वॉरंटीसह विकतात. थोडे पैसे जास्त पडतात, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने तेथूनच सुरुवात करावी.

२. दलालाकडून घेत असाल, तर चासी क्रमांकावरून कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास काढावा. मीटरवरचे किलोमीटर त्या नोंदींशी जुळतात का, ते पाहावे.

३. कंपनीने त्या मॉडेलच्या गाड्या दोषदुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या का आणि ते काम या गाडीवर झाले का, हे लेखी विचारावे.

४. इंजिनाची माहिती काढावी. २००७ ते २०११ च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन लवकर झिजण्याची तक्रार जगभर झाली. ती चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला असल्याने दुरुस्तीचा खर्च जबर होता. बिल्ला तोच असतो, पण एका सालचे इंजिन दुसऱ्या सालासारखे नसते.

५. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. २३२२ असेल, तर टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी 'कमी चाललेली' आणि चारही टायर वेगवेगळ्या सालचे, असे असेल तर कारण विचारावे.

६. पुराच्या पाण्यातली गाडी ओळखण्यासाठी गालिचा उचलून खालची पत्री पाहावी, पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे. विम्याचे जुने दावेही काढावेत.

७. आरसी बुकावर कर्जाचा बोजा नाही ना, हे परिवहन खात्याच्या वाहन नोंदीत पाहावे. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात. पण दुसऱ्या राज्यातील गाडीला तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, बारा महिन्यांच्या आत येथे नवी नोंदणी करावी लागते आणि येथील करही भरावा लागतो. तो मिळवून मग किंमत स्वस्त की महाग, ते ठरवावे.

रस्ता, पाऊस आणि पट्टा

यातील अनेक गाड्यांना, विशेषतः बीएमडब्ल्यूंना, हवा गेली तरी धावणारे टायर असतात. साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाता येते. म्हणून कित्येकदा जादा चाक दिलेलेच नसते. खड्ड्यात असा टायर फुगला, तर तालुक्याच्या गावी तो मिळत नाही. आपला प्रवास आडवाटेचा असेल, तर जादा चाक मिळते का, हे खरेदीआधी विचारावे. चार माणसे व सामान बसवून आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी नेऊन पाहावी. शोरूमच्या गुळगुळीत फेरीत हे कळत नाही.

मुंबई, भिवंडी, महाड, चिपळूण येथल्या वाचकांनी विम्यात इंजिन संरक्षणाचे जोडकलम घ्यावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, की पाणी इंजिनात शिरून दांडे वाकतात. असे नुकसान साध्या विम्यात बहुधा भरून मिळत नाही. गाडी पाण्यात बंद पडली, तर किल्लीला हात लावू नये, ओढूनच न्यावी.

सुरक्षिततेच्या युरोपीय चाचणीत ३ सिरीजला २०१९ मध्ये आणि सी-क्लासला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले. पण हे तारे पट्टा बांधलेल्या माणसासाठी असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी मर्सिडीजची होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे दगावले. मागे बसलेल्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या आसनावरही पट्टा बंधनकारक आहे. आसनाच्या कव्हराखाली मागचे पट्टे दडपून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती गाडी घरी आणण्याच्या दिवशीच बंद करावी.

तात्पर्य

स्वतः चालवण्याची आवड, घरात चार माणसे आणि शहर-महामार्ग असा मिश्र वापर असेल, तर तीन वर्षांची, कंपनीने तपासलेली पेट्रोल सलून घ्यावी. मालक मागे बसणार असेल, तर लांब आवृत्ती पाहावी. आठवड्याला लांबची फेरी असेल तर डिझेल, स्वतःची पार्किंग असेल तर वीज. माणसे जास्त किंवा वृद्ध असतील, तर उंच गाडी. नवीच घ्यायची असेल, तर येथे जुळवले जाणारे, भरपूर खपणारे मॉडेल व्यक्तीच्या नावावर घ्यावे आणि निदान सात-आठ वर्षे वापरावे, म्हणजे घसरण अधिक वर्षांत विभागली जाईल.

आणि बुकिंगच्या आदल्या रात्री खतावणीच्या मागच्या पानावर पाच आकडे लिहावेत : शोरूमची किंमत, कर, पाच वर्षांनंतरची अंदाजी किंमत, वर्षाचा चालू खर्च आणि गाडी घेतल्यावर धंद्यात उरणारी रोकड. पाचवा आकडा दोन महिन्यांच्या खरेदीला पुरेसा असेल, तर खुशाल गाडी घ्यावी. नसेल, तर हंगाम होऊ द्यावा.